रुळावरून उतरा, कॅमेरा मात्र हातात असू द्या

लग्नसराई तोंडावर आली की आपल्याकडे एक वाद हमखास डोकं वर काढतो. जळगाव, भुसावळ, चाळीसगाव, अमळनेर, कुठल्या तरी रुळावर उतरत्या उन्हात एखादं जोडपं हातात हात घालून उभं असल्याचा फोटो किंवा रील फिरू लागते आणि दोन तट पडतात. एक तट म्हणतो, या पोरांना आधी फटके द्या, कॅमेरे जप्त करा, रेल्वेच्या आसपास फोटो काढायलाच बंदी घाला. दुसरा म्हणतो, रेल्वे काय कुणाच्या बापाची आहे का? लोकांच्या पैशांवर चालते, चार फोटो काढले तर रूळ झिजतात का? दोन्हीकडून आवाज चढतो, संस्कार निघतात, शिक्षण निघतं, आणि पुढच्या लग्नसराईपर्यंत विषय बारगळतो. मला या भांडणात दोन्ही बाजू चुकताना दिसतात आणि दोघांची चूक एकच आहे. रुळावर उभं राहणं आणि रुळांचा फोटो काढणं या दोन वेगळ्या गोष्टी त्यांनी एक धरल्या आहेत. माझं म्हणणं सरळ आहे. रुळावर पाय ठेवायचा नाही. कारण कुठलंही असो, गाडीची वेळ असो वा नसो. पण रुळांचे फोटो काढायचे, मनसोक्त काढायचे, आणि ते काढता येतील अशा सुरक्षित जागा रेल्वेने आणि नगरपालिका-महापालिकांनी उघडपणे द्यायच्या.

आधी हे मान्य करायला हवं की रुळांची ही ओढ खोटी नाही. फॅशन म्हणून ती झटकून टाकणाऱ्यांनी थंडीतल्या एखाद्या संध्याकाळी पाचोरा किंवा म्हसावद स्टेशनच्या फलाटाच्या टोकाला जाऊन उभं राहावं. मुंबईहून येणारा मार्ग चाळीसगावपासून जळगावपर्यंत साधारण नैर्ऋत्येकडून ईशान्येकडे येतो. डिसेंबर-जानेवारीत सूर्य कलतो तोही नैर्ऋत्येच्याच अंगाला. म्हणजे त्या दिवसांत साडेचार-पाचला सूर्य जवळपास रुळांच्या रेषेत येऊन बसतो. जळगावहून धरणगाव, अमळनेरकडे जाणारा जुना ताप्ती व्हॅली रेल्वेचा मार्ग तर जवळजवळ थेट पश्चिमेला जातो. तिथे हाच योग मार्च आणि सप्टेंबरच्या शेवटी जुळतो. शिवाय आपली प्रमाणवेळ साडेब्याऐंशी अंश रेखांशावरून ठरते आणि जळगाव साडेपंच्याहत्तरच्या आसपास आहे, त्यामुळे आपला सूर्य घड्याळाच्या जवळपास अर्धा तास मागे चालतो. डिसेंबरात इथे सूर्यास्त पावणेसहाच्या पुढे, जूनमध्ये सातनंतर. दुकान, कचेरी, कॉलेज आटोपून आलेल्या माणसालाही त्या उन्हाचा शेवटचा तुकडा सापडतो, तो यामुळे.

आणि त्या उन्हात दिसतं काय? रुळाच्या माथ्यावर चाकांनी घासून घासून एक अरुंद, गुळगुळीत पट्टा तयार झालेला असतो. दोन्ही कुशी गंजून काळपट तांबड्या. दुपारी बारा-एकला हा पट्टा पांढरट, निर्जीव दिसतो. त्याच्याकडे कुणी दुसऱ्यांदा पाहणार नाही. ऊन तिरपं झालं की त्याच पट्ट्यावरून उजेड लांबवर धावत जातो. खडीच्या प्रत्येक दगडाला स्वतःची सावली फुटते. बाजूच्या काळ्या शेतातली वेचणीला आलेली कपाशी केशरी दिसू लागते, कुठे पऱ्हाटी जाळल्याचा धूर रुळांवर आडवा येऊन थांबतो, केळीच्या बागांची पानं मागून उजेड आल्यामुळे हिरव्या काचेची होतात. ज्याला चित्राची थोडीही नजर आहे, त्याचा हात कॅमेऱ्याकडे जाणारच. तो जावा, असंच मला वाटतं.

आता विरोधकांचा सर्वांत भक्कम मुद्दा, जो मला शंभर टक्के मान्य आहे. रूळ माणसाला मारतात, आणि ते मूर्ख, उनाड किंवा बेफिकीर माणसालाच मारतात असं नाही. धरणगावात जन्मलेले बालकवी ठोंबरे ५ मे १९१८ रोजी भादली स्टेशनाजवळ रूळ ओलांडताना गाडीखाली सापडून गेले. वय अठ्ठावीसही पुरं नव्हतं. मराठी कवितेत ऊन, पाऊस, झरा आणि संध्याकाळ ज्या डोळ्यांनी आली ते डोळे जळगाव आणि भुसावळच्या मधल्या रुळांवर मिटले. त्या काळी गाड्यांचा वेग किती होता, वाहतूक किती होती? तरीही. आणि २२ जानेवारी २०२५ ची संध्याकाळ तर आपल्या सगळ्यांच्या डोळ्यांसमोर आहे. पाचोरा तालुक्यात परधाडे-माहेजीजवळ पुष्पक एक्स्प्रेसमध्ये आग लागल्याची अफवा उठली, घाबरलेले प्रवासी शेजारच्या रुळावर उतरले आणि समोरून कर्नाटक एक्स्प्रेस आली. किमान बारा माणसं गेली. त्यात कुणी रील काढत नव्हतं. ती जीव वाचवायला उतरलेली माणसं होती. तिथे वळण असल्यामुळे गाडी दिसण्यात आणि ब्रेक लागण्यात अडचण आली, असं रेल्वेच्या अधिकाऱ्यांनी तेव्हा सांगितलं. ज्यांना जिवाची भीती होती, ज्यांचं लक्ष पूर्ण जागं होतं, अशा माणसांना जे जमलं नाही, ते डोळा व्ह्यूफाइंडरला लावलेल्या माणसाला जमेल, असं कुठल्या तोंडाने म्हणायचं?

हिशेब साधा आहे. ताशी ११० किलोमीटरने येणारी गाडी सेकंदाला तीस मीटर कापते. फोटो काढला, मान खाली घालून स्क्रीनवर पाहिला, पुन्हा वर पाहिलं, यात दहा सेकंद जातात आणि गाडी तीनशे मीटर पुढे आलेली असते. तिने आपत्कालीन ब्रेक लावले तरी थांबायला साधारण किलोमीटरभर अंतर लागतं. "आम्ही रुळावर नव्हतो, कडेला होतो," हा बचावही टिकत नाही. आपल्या ब्रॉडगेजच्या दोन रुळांमधलं अंतर १.६७६ मीटर आहे आणि डबा सव्वातीन मीटरच्या आसपास रुंद असतो. म्हणजे गाडी रुळाच्या दोन्ही बाजूंना पाऊण मीटरहून जास्त बाहेर येते, आणि उघडं दार, दारात लोंबकळणारा माणूस, वाऱ्याचा झोत हे सगळं त्याच्याही बाहेर. विजेच्या गाडीचा आवाज समोरून फार उशिरा ऐकू येतो. शेजारच्या मार्गावरून मालगाडी धडधडत जात असेल तर तोही येत नाही. मालगाडीच्या वाघिणीवर चढून फोटो काढणाऱ्यांबद्दल तर बोलायलाच नको. वरची तार २५,००० व्होल्टची असते आणि तिला हात लावावा लागत नाही, जवळ गेलं तरी वीज उडी घेते.

याहून महत्त्वाची एक गोष्ट या वादात कुणीच बोलत नाही. जे ऊन फोटोग्राफरला हवं असतं, तेच ऊन गाडी चालवणाऱ्याला आंधळं करतं. थंडीत संध्याकाळी भुसावळहून मनमाडकडे निघालेल्या गाडीच्या लोको पायलटसमोर सूर्य असतो. मार्चमध्ये जळगावहून अमळनेरकडे जाणाऱ्याच्याही. माझ्या ओळखीचे एक निवृत्त लोको पायलट भुसावळला राहतात. त्यांना या फोटोंबद्दल विचारलं तेव्हा ते रागावले नाहीत. शांतपणे म्हणाले, "भाऊ, समोर सूर्य असला की रुळावर सगळं काळं दिसतं. पुढं काही हललं तर ते जनावर आहे, गाठोडं आहे की माणूस, हे कळेपर्यंत आमच्या हाती फक्त हॉर्न राहतो. ब्रेक तर लावतोच. पण गाडी थांबणार नाही, हे लावतानाच ठाऊक असतं." फोटो काढणाराही त्या वेळी बहुधा सूर्याकडेच तोंड करून असतो, कारण रुळांची चमक त्याच बाजूने दिसते. म्हणजे पश्चिमेकडून येणारी गाडी त्याला उन्हातून बाहेर येताना दिसते, ती अगदी जवळ आल्यावर. आणि पश्चिमेकडे जाणारी गाडी त्याच्या पाठीमागून येते. सोनेरी म्हणून ज्या तासाचं कौतुक होतं, तो तास रुळावर उभं राहायला दिवसातला सर्वांत वाईट तास आहे. म्हणून "आम्ही काळजी घेतो, एक जण गाडीवर नजर ठेवतो" या युक्तिवादाला मी काडीची किंमत देत नाही. नजर ठेवणाऱ्यालाच दिसत नसेल तर काळजी कशी घेणार?

यावर एक टोकदार सवाल येतो आणि तो टाळून पुढे जाणं बरोबर नाही. आपल्या जिल्ह्यांत रोज हजारो माणसं रूळ ओलांडतात. शेत रुळापलीकडे आहे म्हणून बाया डोक्यावर चाऱ्याचा भारा घेऊन जातात, शाळेची पोरं सायकल उचलून नेतात, फाटक दूर आहे म्हणून म्हातारी माणसं खडीवरून घसरत उतरतात. त्यांना कुणी काही म्हणत नाही आणि कॅमेरा दिसला की मात्र सगळ्यांना कायदा आठवतो, हा न्याय कुठला? प्रश्न खरा आहे. पण त्याचं उत्तर फोटोग्राफरच्या बाजूने जात नाही. भारा घेऊन जाणाऱ्या बाईला दुसरी वाट नाही. तिचं रुळावर येणं हा तिचा दोष नसून तिथे भुयारी रस्ता किंवा पूल न देणाऱ्यांचा दोष आहे, आणि तो प्रश्न लावून धरायलाच हवा. फोटोग्राफरला वाट आहे. त्याच्यापुढे फलाट आहे, पादचारी पूल आहे, शेताचा बांध आहे, उड्डाणपूल आहे. नाइलाज आणि निवड यांना एकाच तागडीत घालून आपण त्या बाईच्या नाइलाजाचाही अपमान करतो.

दुसरा आक्षेप बंद मार्गांबद्दल. जिथे गाडीच येत नाही तिथे काय हरकत? हे विचारणाऱ्यांच्या मनात आपली पीजे असते. पाचोरा-जामनेर ही ७६२ मिलिमीटरच्या रुळांवरची ५६ किलोमीटरची छोटी गाडी २०२० मध्ये थांबली ती थांबलीच. आता तो मार्ग ब्रॉडगेज होऊन पुढे बोदवड, मलकापूरकडे जाणार आहे. तिच्या सुन्या रुळांवर उतरत्या उन्हात कितीतरी फोटो निघाले. हरकत आहे, ती अशी की फोटो पाहणाऱ्याला मार्ग बंद आहे हे दिसत नाही. त्याला दिसतो रूळ, ऊन आणि मधोमध बसलेली एक सुंदर मुलगी. तो आपल्या गावच्या रुळावर तसंच काही करायला जातो, जिथे दर थोड्या वेळाने गाडी धडधडत जाते. भुसावळ यार्डातला कुठला मार्ग "बंद" आहे हे तिथले कर्मचारी सांगू शकतात, तुम्ही-आम्ही नाही. साइडिंगवर, म्हणजे बाजूच्या मार्गावर, उभा असलेला रेक, म्हणजे डब्यांची रांगही इंजिन लागलं की हलते.

पण पीजेचंच उदाहरण बंदीवाल्यांच्या तटालाही गप्प करतं. त्या गाडीच्या आठवणी आज कुणाकडे आहेत? शेंदुर्णी, पहूरच्या लोकांच्या मोबाइलमध्ये, पाचोऱ्याच्या हौशी फोटोग्राफरांच्या हार्डडिस्कमध्ये. गाडीच्या छोट्या खिडक्या, दारात बसलेले विद्यार्थी, शेतांमधून वळण घेताना तिची लांब सावली, हे सगळं टिकलं ते कुणीतरी, बहुधा कुणाला न विचारता, कॅमेरा काढला म्हणून. सगळ्यांनी बंदीवाल्यांचं ऐकलं असतं तर आज पीजे कशी दिसायची हे आपल्या नातवंडांना दाखवायला काय उरलं असतं? याच भागात याहून जुना दाखला आहे. मेजर रॉबर्ट गिल १८४० च्या दशकात अजिंठ्याला आले आणि पुढची अनेक वर्षं लेण्यांतल्या चित्रांच्या नकला करत राहिले. लंडनला पाठवलेल्या त्यांच्या बहुतेक नकला १८६६ च्या क्रिस्टल पॅलेसच्या आगीत जळाल्या. त्यांनी पुढे कॅमेऱ्याने अजिंठ्याची जी छायाचित्रं घेतली, ती मात्र आजही अभ्यासकांना उपयोगी पडतात. १८७९ मध्ये ते वारले. त्यांची कबर भुसावळला आहे. एका माणसाच्या चिकाटीने केलेली नोंद काय मोलाची असते हे खानदेशाइतकं कुणाला ठाऊक असावं?

बंदीवाल्यांचा खरा जोर सुरक्षेच्या मुद्द्यावर असतो. तोही पोकळ नाही. भुसावळ आणि वरणगाव इथे आयुधनिर्माणी आहेत, दीपनगरला औष्णिक वीजकेंद्र आहे, आणि मुंबईहून उत्तरेला आणि नागपूर-कोलकात्याला जाणारे मार्ग भुसावळला फुटतात. अशा ठिकाणी रेल्वेने जपून असावं, यार्डात, सिग्नल यंत्रणेजवळ, मोठ्या पुलांवर कॅमेरा येऊ देऊ नये, ड्रोन तर मुळीच उडू देऊ नये, हे समजण्यासारखं आहे. पण जपणं आणि सरसकट संशय यांत फरक असतो. धावत्या गाडीच्या खिडकीतून रोज हजारो मोबाइल तापीचा पूल टिपतात. तोच पूल उपग्रहाच्या चित्रात घरबसल्या दिसतो. मग फलाटाच्या टोकाला तिकीट काढून उभ्या राहिलेल्या कॉलेजच्या मुलाकडे गुन्हेगार म्हणून पाहून कोणती सुरक्षा साधते? आज होतं असं की एका स्टेशनवर कॅमेरा काढला तर कुणी ढुंकून पाहत नाही, दुसऱ्या स्टेशनवर हटकतात, तिसऱ्या ठिकाणी फोटो पुसायला लावतात. आणि कुठल्या नियमाने, हे विचारलं तर सांगता येत नाही. जो नियम कुणाला माहीत नाही, तो पाळणारा आणि मोडणारा सारखाच घाबरतो. घाबरलेला माणूस मग काय करतो? जिथे कुणी पाहणार नाही अशा ठिकाणी जातो, म्हणजे स्टेशनपासून दूर, दोन गावांच्या मधल्या सुनसान रुळावर. फलाटावरून हुसकावलेला कॅमेरा रुळावर पोहोचतो, ही बंदीची खरी मिळकत.

नियम कसा असावा याचा नमुना पुन्हा अजिंठ्यालाच आहे. लेण्यांतल्या चित्रांना फ्लॅशच्या उजेडाने अपाय होतो, म्हणून पुरातत्त्व खात्याने तिथे फ्लॅशला मनाई केली. कॅमेऱ्याला नाही. लोक आहे त्या उजेडात फोटो काढतात आणि चित्रंही सांभाळली जातात. कशाने अपाय होतो ते नेमकं ओळखायचं, तेवढंच रोखायचं, बाकी मोकळं ठेवायचं. रेल्वेच्या बाबतीत अपाय रुळावरच्या पावलाने होतो; तेवढं पाऊल रोखा.

"पण फलाटावरून आणि पुलावरून तसा फोटो येत नाही हो," असं व्यावसायिक मंडळी कुरकुरत म्हणतात. हे साफ चुकीचं आहे. रुळाची चमक ही परावर्तनाची बाब आहे. सूर्य क्षितिजापासून दहा अंश वर असेल तर चमक साधारण तिथेच दिसते जिथे तुमची नजरही दहा अंश खाली झुकते. रुळात गुडघे टेकून कॅमेरा अर्धा मीटर उंचीवर धरला तर ती जागा तुमच्यापासून तीनेक मीटरवर येते. उजेडाचा तुकडा पायापाशीच संपतो. फलाटाच्या टोकावरून, जिथे डोळा रुळापासून सव्वादोन मीटर वर असतो, ती बारा-तेरा मीटरवर जाते. पादचारी पुलावर डोळ्याची उंची आठ मीटरच्या घरात धरली तर ती पंचेचाळीस मीटरवर पोहोचते, आणि रुळाचा माथा अगदी सपाट नसल्यामुळे चमक तिच्या मागेपुढे जितकी पसरते तोही पट्टा त्याच प्रमाणात लांबतो. म्हणजे उजेडाची ती लांब, वळत जाणारी रेघ, जिच्यासाठी जीव धोक्यात घालतात, ती खाली बसून मिळतच नाही. वर चढल्यावर मिळते. लांब लेन्स लावली की मागचे सिग्नल, तारांचे खांब, पुढचं फाटक सगळं जवळ येऊन एकावर एक बसतं. वरून यार्डाचे सात-आठ रूळ एकमेकांत मिसळताना दिसतात. हे रुळात उभ्या असलेल्या माणसाला कधी दिसणार आहे?

सिनेमाचा इतिहासही हेच सांगतो. ७ जुलै १८९६ रोजी मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिएर बंधूंची चलत्-चित्रं भारतात पहिल्यांदा दाखवली गेली. त्यांत स्टेशनात येणाऱ्या आगगाडीचं दृश्य होतं, जगातलं बहुधा सर्वांत प्रसिद्ध रेल्वेचित्र. त्यातला कॅमेरा फलाटावर उभा आहे. गाडी तिरकस रेषेत मोठी होत येते आणि प्रेक्षकाला वाटतं ती आपल्या अंगावर येते. त्यासाठी कॅमेरावाल्याला रुळावर उतरावं लागलं नाही. आणि आपल्या घरचा दाखला हवा असेल तर चाळीसगाव आहेच. केकी मूस इंग्लंडात छायाचित्रण शिकून आले आणि चाळीसगाव स्टेशनजवळच्या आपल्या घरात १९८९ मध्ये मृत्यू येईपर्यंत राहिले. घराबाहेर ते फार क्वचित पडत. पंजाब मेलच्या वेळेला ते कुणाची तरी वाट पाहत, अशी आख्यायिका सगळ्या खानदेशाला पाठ आहे. पण त्या आख्यायिकेपेक्षा त्यांचं काम मोठं आहे. टेबलावर साध्यासुध्या वस्तूंची मांडणी करून, दिव्याची जागा बदलत, त्यांनी डोंगर, बर्फ, वाट, झाडं अशी दृश्यं उभी केली की पाहणाऱ्याला ती बाहेर काढलेली वाटावीत. गाड्यांची शिट्टी ऐकत आयुष्य काढलेल्या या माणसाने उजेड समजून घेण्यावर भर दिला. आजच्या प्री-वेडिंगवाल्या पोरांना वर्षातून एकदा तरी त्यांच्या कलादालनात नेऊन आणायला हवं, असं मला मनापासून वाटतं.

शिक्षेने हे थांबेल का? १९८९ च्या रेल्वे कायद्याच्या कलम १४७ मध्ये रेल्वेच्या हद्दीत विनापरवाना घुसण्याला सहा महिन्यांपर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही, असं लिहिलं गेलं. ज्या शूटवर घरचे लोक हजारो रुपये मोजतात, त्यात हजार रुपये हा कपड्यांच्या इस्त्रीचाही खर्च नाही. आणि नुसता दंड वाढवला की तो भरतो कोण? नवरा मुलगा. जागा सुचवणारा फोटोग्राफर बाजूला राहतो. माझ्या मते जबाबदारी आधी त्या व्यावसायिकावर यायला हवी. गिऱ्हाईक हट्ट धरतं, "त्यांच्या फोटोत रूळ आहे, आमच्यात का नाही?" हे खरं आहे. पण साखरपुड्याला आलेला आचारी नासलेलं दूध घेऊन खीर करत नाही, कितीही आग्रह झाला तरी. गावोगावच्या फोटोग्राफर संघटनांनी एकत्र बसून ठरवलं की आमच्यातला कुणीही रुळावर शूट करणार नाही, आणि तसे जुने फोटो जाहिरातीतून काढून टाकले, तर एका लग्नसराईत चित्र बदलेल. आरपीएफच्या, म्हणजे रेल्वे सुरक्षा दलाच्या, दहा धाडींनी जे होत नाही, ते गिऱ्हाइकाला गावातल्या प्रत्येक दुकानातून एकच उत्तर मिळालं की होतं.

मात्र नाही म्हणणाऱ्याच्या हातात पर्याय हवा. तो रेल्वेने द्यावा. प्रत्येक मोठ्या स्टेशनवर तिकीट खिडकीजवळ मराठीत एक फलक: स्वतःसाठी फोटो कुठून काढता येतील, कुठून नाही, व्यावसायिक शूटसाठी परवानगी कुणाकडे मागायची, किती दिवसांत मिळेल, शुल्क किती. भुसावळ विभागाने ठरवलं तर हे आठवड्याचं काम आहे. शुल्क मुंबईच्या चित्रपट कंपनीला परवडेल असं न ठेवता पाचोऱ्याच्या फोटोग्राफरला परवडेल असं ठेवावं. आणि ज्याच्याजवळ दहा रुपयांचं फलाट तिकीट आहे, त्याला पिवळ्या रेषेच्या मागे उभं राहून निवांत फोटो काढू द्यावेत.

नगरपालिका-महापालिकांचा वाटा याहून मोठा आहे, कारण फाटकं जाऊन आता जागोजागी उड्डाणपूल होत आहेत. जळगावात शिवाजीनगरचा जुना पूल पाडून नवा झाला, पिंप्राळ्याच्या फाटकावर पूल आला. अशा प्रत्येक पुलावर रुळांच्या नेमक्या वर, रहदारीपासून कठड्याने वेगळा केलेला, चार माणसं उभी राहतील एवढा रुंद कोपरा ठेवायला किती खर्च येतो? पुलाच्या एकूण रकमेत तो दिसणारही नाही. तारांवर काही पडू नये म्हणून तिथे जाळी लागते, ती असावीच. लेन्सपुरती चौकट त्या जाळीत ठेवता येते. संध्याकाळी तिथे फोटोग्राफर उभे राहतील, गाड्या बघायला आणलेली लहान मुलं उभी राहतील, म्हातारी माणसं कठड्याला टेकतील.

मनमाड-इंदूर मार्गाला केंद्रीय मंत्रिमंडळाने सप्टेंबर २०२४ मध्ये मंजुरी दिली. ३०९ किलोमीटर, खर्च १८,०३६ कोटी रुपये. मालेगाव, धुळे अशी ती रेल्वे सातपुड्याकडे जाईल. रोख साधारण दक्षिण-उत्तर असल्यामुळे तिथे संध्याकाळचं ऊन गाडीच्या संपूर्ण पश्चिम बाजूवर पडेल. डबे उजळलेले, मागे डोंगर. या मार्गावरच्या स्टेशनांचे आणि पुलांचे आराखडे कागदावर असतानाच धुळ्याच्या फोटोग्राफरांनी, नागरिकांनी आणि लोकप्रतिनिधींनी ही मागणी लेखी द्यायला हवी: प्रत्येक उड्डाणपुलावर दोन्ही बाजूंना पदपथ, रुळांवर येणारा रुंद कोपरा, आणि ज्या गावांची शेतं दुभंगतील त्या प्रत्येक गावाला पायी जाण्यासाठी भुयारी वाट. फोटोग्राफरची मागणी आणि भारा घेऊन जाणाऱ्या बाईची मागणी एकाच अर्जात जाऊ शकते.